चिंचेने धुतलेलं पितळ

आमच्या घरी काडतुसं भरायची प्रेस आली ती आईच्या शिवणयंत्राला हाकलून. घराच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती, तिला आम्ही शिवणाची खोली म्हणायचो. खिडकीखाली आईचं मशीन, भिंतीशी चिंध्यांची टोपली, कोपऱ्यात इस्त्रीची फळी. मी अकरावीत होते त्या वर्षी पानं गळायला लागली आणि बाबांनी मशीन उचलून हॉलमध्ये सोफ्यामागे नेऊन ठेवलं. मग खोलीत जाड लाकडाचं टेबल भिंतीला ठोकलं आणि आईला म्हणाले, "थोड्या दिवसांसाठी आहे." अमेरिकेतही आम्ही थोड्या दिवसांसाठीच आलो होतो, त्यामुळे या शब्दांचा अर्थ आईला चांगला माहीत होता. तिने मशीनवर जुनी चादर घातली आणि पोळ्या करायला गेली.

ॲन आर्बरपासून वीसेक मिनिटांवरचं ते गाव. बाबा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात होते. त्यांचं काम म्हणजे मोडलेला भाग टेबलावर ठेवायचा आणि तो का मोडला ते शोधायचं. हे काम ते घरीही आणत. बशी फुटली तरी ती कोणाच्या हातून फुटली हे न विचारता ती कुठे ठेवली होती हे विचारत, आणि त्या चौकशीपेक्षा ओरडा परवडला असं मला वाटे. आई नागपूरची रसायनशास्त्रातली एम.एस्सी. लग्नाआधी एका कॉलेजात मुलांना प्रॅक्टिकल्स शिकवायची. इथे ती कापडाच्या दुकानात यार्डाने कापड कापून द्यायची. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की मला आज जे दिसतं ते तेव्हा दिसत नव्हतं. कापड ती सरळ कापायची, दुकानात सगळ्यात सरळ, आणि मला वाटायचं तिला ते आवडतं.

नेमबाजी आमच्या घरात आली ती शेजारच्या वॉल्टरमुळे. वॉल्टर म्हणजे निवृत्त टूलमेकर, एकटा, उंच, कानाने थोडा जड. नोव्हेंबरात आमच्या वर्गातली अर्धी मुलं हरणांच्या शिकारीला जायची आणि उरलेल्या अर्ध्यांत मी असायचे. वॉल्टर क्लबात मुलांना टार्गेटवर रायफल शिकवायचा. एकदा त्याने मला बरोबर नेलं, मी पडून नेम धरला, आणि माझ्या पाचही गोळ्या एका बशीत मावतील इतक्या जवळ लागल्या. त्यानंतर दर शनिवारी जायला लागले. आईची अट एकच होती. आमचं घर बौद्ध, महिन्यातून एका रविवारी पाच-सहा कुटुंबं वंदनेला आमच्याकडे जमायची, आणि ज्या तोंडाने पहिलं शील म्हणायचं त्याच घरात प्राण्यावर बंदूक चालणार नाही. "कागदावर काय मारायचं ते मार," ती म्हणाली. मारलेल्या प्रत्येक टार्गेटचा कागद मी तिला आणून दाखवायचे आणि ती त्याच्या मागच्या बाजूला किराण्याची यादी करायची. वॉल्टरला ती वॉल्टरभाऊ म्हणे. तो हे आपलं आडनाव असल्यासारखं गंभीरपणे ऐकून घ्यायचा आणि पाटवडी-रस्सा खाताना घाम पुसत आणखी मागायचा.

राज्याच्या ज्युनिअर संघात चार मुलं घेत. वसंतात निवड व्हायची आणि उन्हाळ्यात तो संघ ओहायोतल्या राष्ट्रीय स्पर्धेला जायचा. मी पाचवी होते. चौथ्यात आणि माझ्यात फार अंतर नव्हतं, आणि वॉल्टरच्या मते ते अंतर माझ्यात नव्हतंच, दुकानातल्या काडतुसांत होतं. एकात पावडर कणभर जास्त, दुसऱ्यात कणभर कमी, की दोनशे यार्डांवर गोळी वरखाली होते. "पुढची चारही मुलं घरी भरतात," तो बाबांना म्हणाला. बाबांना इतकं पुरलं. त्यांना बंदुकीत रस नव्हता, पण कणभर फरकाने काहीतरी चुकतं हे ऐकल्यावर त्यांना झोप येणं शक्य नव्हतं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत पावडर, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली बुलेट. गोळी झाडली की बाकी सगळं संपतं आणि पुंगळी उरते. ती उचलून आणायची, स्वच्छ करायची, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर, नवी पावडर, नवी बुलेट. बास. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बरण्या धुऊन पुन्हा लोणचं भरायचं." बाबांनी थोडा विचार करून हो म्हटलं.

पण प्रेस कुठली घ्यायची? या प्रश्नात आमचे तीन महिने गेले. माझी भाची ऋता प्लेनोला असते, तिने मागच्याच महिन्यात मला फोन करून हेच विचारलं. "मावशी, जस्ट टेल मी, कुठलं किट घेऊ? आय हॅव वॉच्ड लाइक फिफ्टी व्हिडिओज." पन्नास व्हिडिओ पाहून माणूस जितका गोंधळतो तितके बाबा तीन कॅटलॉगांत गोंधळले, यात प्रगती कुठे झाली ते मला कळलं नाही. बाबा शनिवारी सकाळी डबा घेऊन निघायचे आणि काडतुसं भरणाऱ्या कुणा ना कुणाच्या गॅरेजमध्ये जाऊन उभे राहायचे. प्रत्येक जण आपलीच प्रेस जगात सर्वोत्तम असल्याचं सांगायचा. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "यात चूक झाली तर ती मला कुठे दिसेल?" लोक पुन्हा प्रेसचं कौतुक सुरू करायचे. विकणाऱ्या दुकानदाराने तर, "सर, धिस वन डझन्ट मेक मिस्टेक्स," असं सांगितलं आणि त्या दुकानात बाबा पुन्हा गेले नाहीत.

मला हवी होती ती गोल फिरणारी प्रेस. तिच्या थाळीत एकावेळी पाच पुंगळ्या बसायच्या आणि दांडा ओढला की प्रत्येकीचं एक एक काम होऊन दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर टपकायचं. बघायला फार सुंदर. बाबांनी निवडली ती एका भोकाची. एक पुंगळी लावा, दांडा ओढा, काढा, दुसरी लावा. पन्नास पुंगळ्यांना एकच काम करून झालं की डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदला आणि पुन्हा पहिल्यापासून पुढचं काम. मी रागावले.

"बाबा, धिस इज सो स्लो. रात्र होईल."

"होऊ दे."

"सगळे ती फास्टवाली वापरतात."

"हे बघ," ते म्हणाले. वॉल्टरने मेपलच्या लाकडाचा एक ठोकळा करून दिला होता, पन्नास भोकांचा. बाबांनी त्यात पुंगळ्या उभ्या केल्या आणि वरून टॉर्च मारला. "पावडर भरली की पन्नासच्या पन्नास समोर उभ्या. एकीत जास्त, एकीत कमी, एक रिकामी. डोळ्याला दिसतं. तुझ्या मशीनमध्ये कुठे बघू? आणि रिकामी राहिली तर काय होतं माहीत आहे ना?"

माहीत होतं. वॉल्टरने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पावडर नसली तरी प्रायमरच्या जोराने बुलेट नळीत शिरते आणि तिथेच अडकते. त्यावर दुसरी गोळी झाडली की नळी फुटते, तीही नेम धरणाऱ्याच्या तोंडापाशी. बाबांनी एक वही केली. दर काडतुसासमोर रकाने आखले, त्यातला शेवटचा रकाना 'टॉर्चने पाहिलं'. त्यात टिक मी करायची.

पावडर तोलायच्या काट्यापर्यंत आई या सगळ्यापासून लांब होती. बाबांनी बॅटरीवरचा काटा आणला, आकडे झळकणारा. आई चहा घेऊन आली आणि दारात थांबली. एका चिमुकल्या वजनाचा आकडा बाबा वहीत लिहीत होते.

"पुन्हा ठेवा," ती म्हणाली.

बाबांनी ठेवलं. आकडा तोच आला. इतक्यात हीटर सुरू झाला, खालच्या जाळीतून वारा आला.

"आता पुन्हा ठेवा."

आकडा बदलला. आईने चहा खाली ठेवला, काटा स्वतःकडे ओढला आणि तेच वजन दहा वेळा ठेवून दहा आकडे लिहून काढले. मग म्हणाली, "हा परत करा. दांडीचा आणा, साधा, सरकत्या वजनांचा. आणि मला एक खोका द्या." दांडीचा काटा आला तेव्हा तिने खोक्याची एक बाजू कापून त्याला वाऱ्यापासून आडोसा केला, टेबलाखाली कागदाच्या घड्या घालून ते समपातळीत आणलं, आणि दांडी स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसली. तिचा तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं तिने घरात काय काय तोललं असेल, पण हा चेहरा वेगळा होता. मला थोडं परकं वाटलं, हे कबूल करते.

त्यानंतर काटा आईचा झाला. दुकानातून आली की साडीवर स्वेटर चढवून ती आधी मागच्या खोलीत जायची. पहिल्या दहा पुंगळ्यांची पावडर ती तोलायची, माप लावून द्यायची, मग बाकीच्या मी भरायचे. प्रेसचा दांडा खाली जाताना एक बारीक किरकिर करायचा आणि वर येताना ठक. किरकिर, ठक. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी आणि इकडे हे, असं त्या हिवाळ्यातलं घर मला ऐकू येतं.

पुंगळ्या साफ करायचं यंत्रही बाबांच्या यादीत होतं, भुशात घालून त्या तासन्‌तास हलवणारं. आई म्हणाली, "पितळ आहे ना? मग भुसा कशाला? चिंच आहे." आमच्याकडे पितळेचे तांबे होते, परात होती, आणि तिच्या आईने ते सगळं आयुष्यभर चिंचेनेच लख्ख ठेवलं होतं. पण ती नुसती सवयीने बोलत नव्हती. चिंचेचा कोळ किती पातळ, पुंगळ्या किती मिनिटं ठेवायच्या, जास्त ठेवल्या तर पितळातलं जस्त निघून ते लालसर आणि ठिसूळ होईल, मग सोड्याचं पाणी, मग साधं पाणी दोनदा, मग कोमट ओव्हनमध्ये ताटात पसरून वाळवायच्या आणि रात्रभर तशाच ठेवायच्या, हे सगळं तिने कागदावर लिहिलं. वॉल्टरला आधी धक्का बसला. "टॅमरिंड? द सूप थिंग?" त्याने एक पुंगळी उजेडात धरली, आत डोकावला, आणि आपल्या शंभर पुंगळ्या एका डब्यात घालून आईला आणून दिल्या. चिंच महिन्यातून एकदा डेट्रॉइटकडच्या देशी दुकानातून यायची. त्या हिवाळ्यात आमटीला कोकम पडू लागलं आणि बाबांनी त्याबद्दल दोन-तीनदा दुःख व्यक्त केलं.

मार्चमध्ये आईने एक फॉर्म आणला. कापडाच्या दुकानात येणाऱ्या कुणा बाईने सांगितलं होतं, युनिव्हर्सिटीच्या रसायन विभागात लॅब टेक्निशियनची जागा आहे. आईने तो आमच्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "भरून पाहते. हात अजून आहे असं वाटून राहिलं." बाबा म्हणाले, "पाहा की." या घरात याला जल्लोष म्हणत. तिने फॉर्म पूर्ण भरला, फक्त सही आणि तारीख बाकी ठेवली. शेवटची तारीख एप्रिलमधल्या एका शुक्रवारी होती.

आता त्या संध्याकाळबद्दल. निवडीच्या सामन्याला चार दिवस होते. मी पावडर भरत होते, ठोकळ्यातल्या तीन ओळी झाल्या होत्या, आणि आईने हाक मारली, पोळ्या गार होताहेत. मी गेले, जेवले, टीव्हीवर काहीतरी अर्धवट पाहिलं आणि परत आले. कुठल्या पुंगळीपर्यंत आले होते ते मी आठवणीने ठरवलं. बाबांची शिकवण होती की अशा वेळी टॉर्च मारायचा. तो मी संपूर्ण हिवाळाभर मारला होता आणि कधी एकदाही चूक सापडली नव्हती. त्या दिवशी मारला नाही. बुलेटा बसवल्या, वही उघडली आणि 'टॉर्चने पाहिलं' या रकान्यात पन्नास टिका एका दमात केल्या. याला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल.

सामन्याच्या शनिवारी मैदानाच्या कडेला अजून बर्फ होता. हळू नेमाच्या फेऱ्या मला छान गेल्या, मी तिसऱ्या नंबरावर होते. मग रॅपिड फायर. यात ठरलेल्या वेळात दहा गोळ्या, त्यामुळे विचार करायचा नसतो, हातच काम करतो. काडतूस आत-बाहेर करणारा बोल्ट ओढा, ढकला, झाडा. चौथ्या गोळीला धडाक्याऐवजी फुसका आवाज आला. आजूबाजूला सगळे झाडत होते, कानांवर संरक्षक होते, मला तो आवाज फक्त थोडा चुकल्यासारखा वाटला. माझा हात बोल्टवर गेलाच होता. तो मी ओढला, नवीन काडतूस आत ढकललं. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर अख्खं वजन टाकलं आणि "स्टॉप! स्टॉप!" असं ओरडलं. वॉल्टर होता. कानाने जड असलेल्या त्या माणसाला तो आवाज ऐकू कसा आला, ते मी त्याला पुढे अनेकदा विचारलं. त्याने ऐकलंच नव्हतं. माझ्या खांद्याला धक्का बसला नाही हे त्याने पाहिलं होतं.

त्याने काडतूस काढलं, रायफल बाजूच्या टेबलावर नेली आणि पितळी सळई घालून हळूहळू ठोकत अडकलेली बुलेट बाहेर काढली. मग कापडाचा बोळा नळीतून ओढला. जवळचा चष्मा त्याने गाडीत ठेवला होता. बोळा त्याने माझ्यासमोर धरला. संघाची कोच शेजारी उभी होती. तिचा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता: नेम चुकला तर चालेल, पण निष्काळजीपणा केला तर घरी.

"एनी पावडर?" वॉल्टरने विचारलं. "ओली ढेकळं दिसतात का?"

पावडर ओलसर असली की पेटत नाही, तशीच नळीत उरते. बोळ्यावर थोडी काजळी होती. पावडरीचा एक कण नव्हता. याचा अर्थ पुंगळी रिकामी होती, आणि पुंगळी रिकामी होती याचा अर्थ मी पाहिलं नव्हतं. हे सगळं मला तिथल्या तिथे समजलं.

"येस," मी म्हणाले. "ओली आहे. क्लम्प्स."

बोळा मी हातातच चुरगाळून कचऱ्याच्या पिंपात टाकला. वॉल्टर कोचकडे वळून म्हणाला, "धुण्यातलं पाणी राहिलं असणार." कोचने मान हलवली, बॅड लक म्हणाली, आणि पंधरा दिवसांनी माझी राहिलेली फेरी पुन्हा घेऊ असं सांगितलं.

घरी बाबांनी उरलेली सगळी काडतुसं उघडायला घेतली. वॉल्टरकडून आणलेल्या हातोडीसारख्या हत्यारात एकेक काडतूस घालायचं आणि लाकडावर आपटायचं, की बुलेट आणि पावडर बाहेर येते. ठक, ठक, ठक. सगळ्यांतली पावडर कोरडी निघाली. "पन्नासात एक," ते म्हणाले. "हे सगळ्यात वाईट. सगळ्या ओल्या असत्या तर कळलं तरी असतं." मग आईकडे न पाहता म्हणाले, "तुझी चिंच." बास, इतकंच. आवाज चढवला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी भुशाचं यंत्र आणलं.

आईने मात्र मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याला टेकून उभी राहिली आणि प्रॅक्टिकलच्या मुलीला विचारावं तसं विचारलं.

"नळीत पावडर सापडली?"

"हो."

"तू स्वतः पाहिली?"

"हो, आई."

"रंग कसा होता?"

"पिवळट. थोडी हिरवी."

"चिकटत होती?"

"हो. बोटाला."

मी तिला एकेक तपशील देत गेले आणि ती मान हलवत गेली. तिला खात्री होती की पुंगळ्या कोरड्या होत्या. पण एकीकडे तिची खात्री आणि दुसरीकडे माझं निरीक्षण, आणि तिच्या शिक्षणात निरीक्षण मोठं होतं. मी रंग सांगितल्यावर तिने वाद घातला नाही. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण ज्याच्यावर शंका घ्यायला समोरच्याला जागाच नव्हती असं हे एकच.

तो आठवडा मी शांतपणे काढला. शाळेत गेले, जेवले, झोपले. मनाला टोचणी लागली होती असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण खरं सांगायचं तर मी पंधरा दिवसांनंतरच्या फेरीचा सराव करत होते. आई काट्याला हात लावत नव्हती एवढं माझ्या लक्षात आलं होतं. फॉर्मबद्दल कोणी बोललं नाही. शुक्रवार आला आणि गेला. शनिवारी बाबांनी विचारलं, "तो फॉर्म टाकला का गं?" आई म्हणाली, "नाही टाकला. अशा हातांनी लोकांच्या लॅबमध्ये काय करू?" आणि तिने त्यांना आणखी वरण वाढलं.

रविवारी वंदनेला लोक येणार होते. सकाळी उठले तर आई मागच्या खोलीत. टेबलावर वीस पुंगळ्या ओळीने उभ्या, शेजारी चिंचेच्या कोळाचं पातेलं, ओव्हनचं ताट. ती बुधवारपासून हेच करत होती, आम्ही घरात नसताना. पुंगळी तोलायची, चिंचेने धुवायची, तिच्याच कागदाप्रमाणे वाळवायची, पुन्हा तोलायची. पाणी राहिलं असेल तर वजन वाढायला हवं. कागदावर चार दिवसांचे आकडे होते आणि फरकाच्या रकान्यात खाली खाली शून्य, शून्य, शून्य.

"पाहून राहिली का तू?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "फरकच येत नाही. काटा मी दोनदा तपासला, तो बरोबर आहे. म्हणजे माझंच काहीतरी चुकून राहिलं, आणि मला ते सापडत नाही. आधी मला असं सापडायचं."

तिचा आवाज रडवेला नव्हता. तिला फक्त समजत नव्हतं. मी दाराला टेकून उभी होते आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, की हिला मी सांगितलं नाही तर ही असंच तोलत बसेल.

"आई, ती ओली नव्हती," मी म्हणाले. "नळीत काहीच नव्हतं. मी भरलीच नव्हती ती. टॉर्च मारला नाही."

तिने हातातली पुंगळी काट्याच्या पारड्यातून उचलून ठोकळ्यात ठेवली.

"आणि पिवळा रंग?"

"आय मेड इट अप."

तिने कागदावरच्या शून्यांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. ती आता बरोबर ठरली होती, चार दिवसांचे तिचे सगळे आकडे बरोबर ठरले होते, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही आला नाही. तिने बाबांची वही ओढून माझ्यापुढे ठेवली. मी खोडरबर शोधायला लागले तेव्हा म्हणाली, "खोडायचं नाही. चुकीचं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. एक रेघ मार, बाजूला खरं लिही, सही कर." मी पन्नास टिकांवर एक रेघ ओढली आणि बाजूला 'पाहिलं नाही' असं लिहिलं. बाबांना मीच सांगायचं, कोचला मीच, वॉल्टरभाऊंना मीच, हे तिने त्याच सुरात सांगितलं. मी ते सगळं केलं. कोचने माझं नाव काढलं. बाबा ऐकून आईकडे गेले आणि तिच्यासमोर उभे राहून, "चुकलो मी," म्हणाले, जे मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. युनिव्हर्सिटीतली ती जागा अर्थातच दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. पुढची निघायला दोन वर्षं लागली, ती आईला मिळाली, आणि त्या दोन वर्षांचं कापड तिने नेहमीसारखंच सरळ कापलं. आज मी स्वतः बॉथेलला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये निवृत्तीला टेकले आहे आणि हाताखालच्या मुलांना आकड्यावर रेघ कशी मारायची ते शिकवते. कुठे शिकलीस असं विचारलं तर घरी म्हणून सांगते.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी सही करून पेन खाली ठेवलं तरी आई उठेना. पाहुण्यांचं अजून सगळं करायचं होतं.

"वॉल्टरभाऊ ओरडले नसते," तिने विचारलं, "तर तू दुसरी गोळी झाडली असतीस?"

"हो."

"लगेच?"

"रॅपिड फायर होतं ना, आई. दुसरी आत गेली होती."

तिने हात पुढे केला. मला वाटलं आता ती मला मारणार, आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्याने माझ्या उजव्या डोळ्याखालची कड चाचपली. तिच्या बोटांना चिंचेचा वास येत होता.

"आठ दिवस," ती म्हणाली, "रोज मी हा डोळा गेलेला पाहते. माझ्या हाताने गेलेला."

मला वाटत होतं तिला काट्याचं वाईट वाटतंय, फार तर फॉर्मचं. हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.